कोऱ्या डिस्कसमोर दोघं

संगणकाची डिस्क गेली की हळहळ होते ती फायलींची. फोटो गेले, हिशेब गेले, अर्धवट लिहिलेलं पुस्तक गेलं. त्या डिस्कवर आणखीही एक गोष्ट असते आणि तिची आठवण फार उशिरा होते. ती म्हणजे वर्षानुवर्षं बसवत आणलेली मांडणी: कुठला प्रिंटर कुठल्या ड्रायव्हरवर चालतो, कुठल्या सॉफ्टवेअरला कुठलं लायसन्स लागतं, फाँट कुठे आहेत, कुठली जुनी आवृत्ती मुद्दाम बदललेली नाही. फायलींचा बॅकअप आता पुष्कळ जण घेतात. अख्खी डिस्क होती तशी परत उभी करण्याची तयारी मात्र थोड्यांचीच असते, आणि ती ठेवावी की नाही याबद्दल या व्यवसायातच दोन तट आहेत.

पुढचा संवाद त्या दोन तटांमधला. बोलणारे दोघे मी कल्पिले आहेत, पण त्यांची मतं कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात आणि कुठल्याही सर्व्हर रूममध्ये ऐकायला मिळतील. मामा सांगलीकडचे. छापखाने, पतसंस्था, दवाखाने यांचे संगणक सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाची पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर बघते. विषय निघाला तो एका छापखान्याच्या मशीनवरून. त्यावर विंडोज एक्सपी, मराठी फाँटसाठी श्रीलिपी, पानं मांडायला पेजमेकर, आणि डिस्क कुरकुर करायला लागलेली.

भाची : मामा, त्या मशीनची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, घेण्यात वेळ कशाला घालवताय? फायली बाहेर काढा, नवा संगणक आणा, कोरं विंडोज टाका, फायली परत ठेवा. दुपारभराचं काम.

मामा : आणि उघडायच्या कशात? पेजमेकर सातवं आहे, २००१ चं. त्यानंतर अडोबीनं नवं काढलंच नाही, आणि आजचं इनडिझाइन त्या फायली उघडत नाही. सीडीचं पाकीट आणि त्यावरचा नंबर केव्हाच हरवलाय. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी. तो फाँट नसला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, अर्थ काही लागत नाही. फायली मी दहा ठिकाणी ठेवीन गं, पण त्या वाचायच्या कशा?

भाची : म्हणूनच तर एक्सपी सोडा म्हणते. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच त्याचा सपोर्ट थांबवला. मजकूर युनिकोडमध्ये आणा, एकदाच काय तो त्रास.

मामा : आणू की. पंचवीस वर्षांचे अंक आहेत. जोडाक्षरं, रफार, तक्ते, सगळं माणसानं बसून तपासायला लागतं. त्याला दोन वर्षं लागली तरी मी कमीच म्हणेन. डिस्क तेवढी थांबेल का?

इथं मी मामांच्या बाजूचा आहे, आणि ते लपवण्याचं कारण नाही. आपल्याकडची कितीतरी नियतकालिकं, स्मरणिका, गावोगावचे दिवाळी अंक अशाच मशीनवर घडले. त्यांचा मजकूर फायलीत आहे, पण तो वाचता येण्याची सोय फायलीत नाही. ती त्या मशीनच्या मांडणीत आहे. फायली वाचवल्या आणि मांडणी गेली, तर हाती उरतं ते जवळपास काहीच नाही. कार्यालयातल्या रोजच्या संगणकाला हे लागू होत नाही. तिथं भाची म्हणते तेच बरोबर. कुठलं मशीन नव्यानं मांडता येण्याजोगं आहे आणि कुठलं नाही, हे डिस्क चालू आहे तोवरच ठरवायला हवं.

भाची : बरं, इमेज घ्यायची. मग विंडोज चालू असतानाच घ्या ना. पेन ड्राइव्हवरून बूट करण्याचा खटाटोप कशाला?

मामा : चालू विंडोजवर इमेज घेता येते, नव्या विंडोजवर तर चांगली येते. पण परत कशी टाकणार? ज्या खाटेवर आपण झोपलोय तीच खाट उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. विंडोज स्वतःच्याच फायली धरून बसलेलं असतं, त्यांच्यावर दुसरं काही लिहू देत नाही. आणि डिस्क नवी, कोरी असली तर चालू व्हायला विंडोजच नाही. म्हणून बाहेरून यायचं. पेन ड्राइव्हवर छोटी स्वतंत्र व्यवस्था असते, क्लोनझिलाची लिनक्सवर किंवा विंडोजचीच विंडोज पीई. ती रॅममध्ये चढते आणि खालची डिस्क पूर्ण मोकळी राहते. मी हे घोस्ट या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून करतोय. तेव्हा फ्लॉपीवरून डॉस चालू करायचो.

भाची : पण तुमच्या कुरकुरणाऱ्या डिस्कची क्लोनझिलानं इमेज घ्यायला गेलात तर मध्येच अडकेल.

मामा : म्हणून आधी डीडीरेस्क्यू. ते चांगला भाग पहिल्यांदा वाचून घेतं, खराब जागा सोडून पुढं जातं आणि मग सावकाश मागं येतं. कुठपर्यंत वाचलं याची नोंदही ठेवतं. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवणारी माणसं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. जी डिस्क वाचायला कष्ट पडतायत तिच्यावर लिहायला कशाला लावायचं? ती प्रत दुसऱ्या डिस्कवर आली की पुढचं सगळं त्या प्रतीवर.

भाची : तुमची तयारी मला मान्य आहे, तुमचा विश्वास नाही. अख्खी डिस्क परत आणता तेव्हा तिच्यातला आजारही परत आणता. व्हायरस तीन आठवड्यांपूर्वी घुसला असेल, तर दोन आठवड्यांपूर्वीच्या इमेजमध्ये तो आहेच. म्हणून आम्ही मशीन परत आणत नाही. मशीनची कृती लिहून ठेवतो आणि त्यावरून नवं मशीन तयार करतो. डेटा वेगळा. मर्स्कचं उदाहरण घ्या.

मामा : घे. न्हावा-शेव्याचे ट्रकवाले ते अजून विसरले नसतील.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. तो खंडणीच्या सॉफ्टवेअरसारखा दिसायचा, पण डिस्कच्या सुरुवातीची बूट होण्याची माहिती आणि फायलींची मूळ सूचीच तो बिघडवायचा. पैसे भरूनही काही परत मिळण्याची वाट नव्हती. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्या समूहातल्या बंदरांची कामं ठप्प झाली, त्यांत न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनलही होतं. उरणच्या बाजूला कंटेनर खोळंबले, कारण हजारो किलोमीटर दूरच्या डिस्क बूट होत नव्हत्या.

भाची : मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढं जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक परत उभे केले. ते जुन्या इमेज टाकून नाही केले. पेन ड्राइव्ह घेऊन रांगेनं कोरं विंडोज टाकत गेले. माझं म्हणणं तेच आहे. मशीन पुसा, नवं मांडा.

मामा : पुढचं सांग की. कोरं विंडोज टाकून संगणक चालू झाले, पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारे सर्व्हर कुठं होते?

भाची : डोमेन कंट्रोलर.

मामा : दीडशेच्या आसपास होते ना? सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेणारे. एक पडला तर दुसऱ्यात प्रत आहेच, म्हणून वेगळा बॅकअप कुणी ठेवला नव्हता. आणि सगळे एकदमच गेले. वाचला एक, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एक माणूस ती डिस्क घेऊन घानाहून नायजेरियाला, तिथून दुसरा इंग्लंडला. एवढ्या मोठ्या कंपनीचा सगळा भार त्या एका तुटलेल्या प्रतीवर होता. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी गिऱ्हाइकांना सांगून दमलो. इकडं फाइल पुसली की तिकडचीही पुसते. इकडं व्हायरसचं कुलूप बसलं की तिकडंही बसतं.

भाची : हे मी नाकारत नाही. पण घानाच्या त्या डिस्कवर डेटा होता, म्हणून ती मोलाची. तुम्ही विंडोजसकट सगळं जपायला सांगताय.

मामा : डेटा आणि मांडणी यांची फारकत तुमच्याकडं झालीये, कारण तुम्ही ती पहिल्या दिवसापासून करत आलात. माझ्या छापखान्यात ती झालेलीच नाही. जिथं झाली नाही तिथं इमेज हवी. आणि प्रत एक नको. महिन्याची, तिमाहीची, मागच्या वर्षीची. व्हायरस तीन आठवड्यांपूर्वीचा असेल तर चार महिन्यांपूर्वीचं मशीन आणि कालच्या फायली, असं जोडता येतं. प्रतीची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. लावलेली राहिली तर तिच्यावरही कुलूप बसणार.

भाची : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं हा नियम सोप्या शब्दांत मांडला.

मामा : छायाचित्रकारानं सांगितला याचं मला नवल नाही. एकदा गेलेला फोटो परत काढता येत नाही. दुसऱ्या जागेचं म्हणशील, तर ती तळमजल्यावर नको. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी किती चढलं ते आम्ही पाहिलंय. दुकान आणि घर एकाच पेठेत असेल तर ती जागा एकच धरायची.

आतापर्यंत दोघं बॅकअपबद्दल बोलत होते. माझ्या मते खरा विषय पुढे आहे, आणि नेमका तिथंच लोकांचा उत्साह संपतो. बॅकअप घेणं हे घड्याळ लावून होतं, पाठीमागं, कुणाच्या लक्षातही येत नाही. रिस्टोर करायचं असतं ते गिऱ्हाईक दारात उभं असताना, घाईत, घाबरलेल्या हातांनी. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा गेली आणि सुमारे ३०० जीबीचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, आणि ऐन वेळी त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. एक सोय तर आवृत्ती जुळत नसल्यामुळं रोज नुसतीच अपयशी होत होती. तसं कळवणाऱ्या मेल पोहोचतच नव्हत्या. शेवटी उपयोगी पडली ती सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कुणी तरी हातानं घेतलेली प्रत. ती कॉपी व्हायलाच अठरा तासांच्या आसपास लागले, कारण जिथं ती ठेवली होती त्या डिस्क हळू होत्या. कंपनीनं हे सगळं लोकांसमोर उघड मांडलं, दुरुस्तीचं काम थेट दाखवलंही. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. असं सांगणारे फार कमी.

भाची : तुमच्या इमेज तुम्ही कधी परत टाकून बघितल्यात?

मामा : तपासून ठेवतो. क्लोनझिला इमेज घेतल्यावर विचारतं, परत टाकता येईल अशी आहे का ते तपासू का. हो म्हणतो.

भाची : त्यानं एवढंच कळतं की इमेजची फाइल नीट वाचता येते. मशीन चालू होईल की नाही ते नाही कळत. जुनी डिस्क ५०० जीबीची. बाजारात मिळणारी एसएसडी ४८० जीबीची. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. रिकामी जागा कितीही असू दे, ते आधी नाहीच म्हणणार.

मामा : हे लक्षात आहे. पार्टिशन आधी आक्रसून घ्यायला लागतं, नाही तर सरळ एक टीबीची डिस्क आणायची.

भाची : जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची. नव्या मदरबोर्डला फक्त युईएफआय कळत असेल तर ती बूट होणार नाही. नव्या विंडोजच्या मशीनमध्ये उलटं. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं बूट केला आणि डिस्क युईएफआयची, की माणूस तासभर डोकं धरून बसतो. नव्या लॅपटॉपवर तर पेन ड्राइव्हवरून चढलेल्या व्यवस्थेला आतली डिस्कच दिसत नाही, कारण इंटेलच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकलेला नसतो. हे सगळं चाचणीच्या दिवशी कळलं तर बरं.

मामा : आणि बिटलॉकर.

भाची : ४८ अंकी किल्ली! ती लोक त्याच लॅपटॉपवर वर्डच्या फाइलमध्ये ठेवतात. आपण बिटलॉकर लावलंय हेच कित्येकांना ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की ते बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. एक फाइल पुसायची होती फक्त. पण विंडोजच चालू होत नव्हतं, म्हणून प्रत्येक मशीनपाशी माणूस जाऊन उभा राहायचा. मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी पेन ड्राइव्हवरून बूट होणारं साधन काढलं. ज्यांच्याकडं बिटलॉकरच्या किल्ल्या हाताशी नव्हत्या, ते पेन ड्राइव्ह हातात घेऊन तसेच उभे.

मामा : म्हणजे तुम्हा सर्व्हरवाल्यांनाही शेवटी पेन ड्राइव्ह लागला तर.

भाची : लागला. ते मी मान्य करते. आता तुम्ही माझं एक मान्य करा. एक्सपीची ही इमेज नुसती डिस्कवर ठेवू नका. दुसऱ्या मदरबोर्डवर टाकलीत तर निळा पडदा येईल, त्यावरच्या एरर कोडच्या शेवटी सेव्हन बी. जुना मदरबोर्ड कुठवर शोधत फिरणार? ती इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडू या. नव्या संगणकावर एका खिडकीत जुना छापखाना चालू राहील. श्रीलिपीचं डोंगल यूएसबीचं आहे ना? ते आत जोडता येतं.

मामा : यूएसबीचंच आहे. पण डिस्क आयडीई म्हणून लाव. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो, तो निळा पडदा इथंही येईल.

भाची : बघा, हे मला माहीत नव्हतं.

मामा : आणि मला व्हर्च्युअल मशीनचं सुचलं नव्हतं, खरं सांगायचं तर. त्याला इंटरनेट मात्र जोडायचं नाही.

भाची : अजिबात नाही. आणि त्या खिडकीतून युनिकोडचं काम सुरू करायचं. दर महिन्याला एक अंक झाला तरी चालेल. ते झालं नाही तर आपण मशीनला फक्त दिवस वाढवून देतोय.

मामांचा आग्रह आजच्या डिस्कसाठी आहे, भाचीचा त्या अंकांच्या पुढच्या वाचकासाठी. मला वाटतं, मामा जिंकले नाहीत तर भाचीला जिंकायला काही उरणारच नाही. मजकूर मुळात हाती असेल तरच तो मोकळा करता येईल. पण तिनं यानंतर जे विचारलं, त्याला मामांपाशी उत्तर नव्हतं.

भाची : मामा, हे सगळं येतं कुणाला? त्या छापखान्यात?

मामा : मला फोन करतात.

भाची : आणि तुम्ही दवाखान्यात असलात तर? परगावी असलात तर? इमेज कुठल्या डिस्कवर, पेन ड्राइव्ह कुठल्या खणात, बायोसमध्ये काय बदलायचं, डोंगल आधी लावायचं की नंतर, हे तुमच्या डोक्यात आहे. त्याचा बॅकअप कुठं आहे?

मामा : तिथली ऑपरेटर हुशार आहे. दाखवलं तर करेल.

भाची : दाखवू नका, तिला करू द्या. तुम्ही बाजूला बसा. जिथं ती अडेल तिथं आपण लिहायचं विसरलोय असं समजायचं.

मामा : वेळ मोजायला हवा. इमेज दोनशे जीबीची धर. जुन्या यूएसबीतून सेकंदाला तीस-पस्तीस एमबी येतं, म्हणजे नुसतं वाचायलाच दीड तासाच्या वर. मालकांना आधी सांगून ठेवायला हवं, नाही तर अर्ध्या तासात फोन सुरू होतील. आणि मालकांनी या दिवसाचे पैसेही द्यायला हवेत. बॅकअपचं बिल देतात, रिस्टोरची चाचणी म्हटलं की "काही बिघडलंय का?" विचारतात.

भाची : कोरी डिस्क माझ्याकडून. कागदावर काय काय लिहू?

मामा : जुन्या डिस्कचं मॉडेल, सिरियल नंबर, जीबी. बायोसमध्ये बूटची पद्धत कुठली ते. इमेजची तारीख आणि त्या तारखेनंतरच्या फायली कुठल्या फोल्डरमधून घ्यायच्या. श्रीलिपीचा लायसन्स नंबर. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवायची नाही. दोन्हींची सही एकच असते, विंडोज गोंधळतं. आणि सगळ्यात मोठी चूक जी होते ती... थांब, ती पहिल्या ओळीत लिही.

भाची : चुकीची डिस्क निवडणं.

मामा : हो. रिस्टोर म्हणजे आधी समोरचं सगळं पुसणं. पडद्यावर एसडीए, एसडीबी अशी नावं येतात आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावला तर ती बदलूही शकतात. कालची एसडीबी आज एसडीसी. माणूस बॅकअपच्याच डिस्कवर कोरी डिस्क ओततो. क्लोनझिला दोनदा विचारतं, माणूस घाईत दोन्हीदा वाय दाबतो. नावावर जायचं नाही, जीबी आणि सिरियल नंबर बघायचा. आणि ज्यांची गरज नाही त्या डिस्कच्या वायरी आधी काढून ठेवायच्या.

भाची : लिहिलं. रविवारी?

मामा : रविवारी. ऑपरेटरला दहाला बोलावतो, मशीन बंद असेल. माउसला मी हात लावणार नाही. तूही लावू नकोस.